एक्स्पोर्ट लायसन्स लागतं की नाही? "एचएस कोड फ्री आहे" म्हणून माल सोडला आणि पोर्टात अडकला

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. प्रश्न एका ओळीचा असतो, "आमच्या मालाला एक्स्पोर्ट लायसन्स लागतं का हो?" आणि विचारणारा बहुतेक वेळा आधीच अडकलेला असतो, म्हणजे गाडी गोव्यातल्या वेर्ण्याहून कधीच सुटलीय, कंटेनर न्हावा शेव्याला पोचलाय, शिपिंग बिल, म्हणजे एक्स्पोर्टचा कस्टम्सला द्यायचा कागद, फाइल झालंय, आणि आता कस्टम्सची क्वेरी आलीय नि तिकडून बायर रोज सकाळी मेल टाकतोय. खरं म्हणजे हे अ‍ॅडव्हान्स घेण्याआधी बघायचं असतं. पण असो, आम्ही पण तसेच अडकलो होतो त्यामुळे मला नाक वर करून बोलायचा हक्क नाही.

मी वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका लहान युनिटमध्ये एक्स्पोर्टचे कागद बघतो. वकील नाही, कन्सल्टंट नाही. आम्ही व्हॉल्व्ह बनवतो, त्यामुळे उदाहरणं व्हॉल्व्हचीच जास्त येणार, चालवून घ्या.

पहिलं काम, प्रॉब्लेम लायसन्सचाच आहे का ते बघा

अर्ध्या केसेसमध्ये भानगड वेगळीच निघते. आपल्याकडे आयईसीला पण लोक एक्स्पोर्ट लायसन्सच म्हणतात. आयईसी म्हणजे तुमचा इम्पोर्टर एक्स्पोर्टर कोड, दहा अक्षरी, आता पॅन नंबर तोच आयईसी, आणि तो धंद्यासाठी माल बाहेर पाठवणाऱ्या जवळपास सगळ्यांनाच लागतो, मग तुम्ही काजू पाठवा नाहीतर क्रेन. तो दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाच्या, साइटवर जाऊन अपडेट करायचा असतो, काही बदललं नसलं तरी काही बदललं नाही असं कन्फर्म करायचं असतं, आणि हे विसरलात की कोड डीअ‍ॅक्टिव्हेट होतो. ओळखीतला एक काजूवाला ऐन चवथीच्या तोंडावर घामाघूम होऊन आला, "लायसन्स नाही म्हणतायत रे," आणि बघितलं तर आयईसी झोपलेला. पाच मिनिटांचं काम. तसंच ज्या बँकेत बाहेरचे पैसे येतात तिचा नंबर, म्हणजे एडी कोड, त्या पोर्टला रजिस्टर नसणं, हे पण लायसन्सच्या नावाखाली येतं.

मग रजिस्ट्रेशन आणि परमिट वेगळे. मासळीवाल्याला एमपीडा या समुद्री माल निर्यात मंडळाचं रजिस्ट्रेशन लागतं, फेणीवाल्याला अबकारी खात्याचा परमिट लागतो, पण याला कुणी एक्स्पोर्ट लायसन्स म्हणत नाही. सर्टिफिकेट, एनओसी, रजिस्ट्रेशन, लायसन्स ही चार वेगळी जनावरं आहेत. तुमच्या क्वेरीत नेमका कुठला शब्द आहे तो आधी वाचा. सीएचएने, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटने, फोनवर काय सांगितलं ते नको, क्वेरीचा स्क्रीनशॉट मागवा.

शेड्यूल २ उघडा, आणि चौकट शेवटपर्यंत वाचा

आता खरं लायसन्स. डीजीएफटीची आयटीसी एचएस नावाची यादी आहे, तिच्यात प्रत्येक मालाला वर्गवारीचा नंबर असतो तोच एचएस कोड. तिचं शेड्यूल १ इम्पोर्टचं आणि शेड्यूल २ एक्स्पोर्टचं. हे मुद्दाम सांगतोय कारण गूगलवर कोड टाकला की भलतीच साइट उघडते आणि तिच्यावर इम्पोर्ट पॉलिसी असते, लोक तेच "फ्री" वाचून खूश होतात. शेड्यूल २ मध्ये तुमच्या आठ आकडी कोडसमोर चारपैकी एक शब्द असतो. फ्री म्हणजे जाऊ द्या. रिस्ट्रिक्टेड म्हणजे डीजीएफटीकडून लायसन्स घेऊन जाऊ द्या. प्रोहिबिटेड म्हणजे विषय संपला. आणि एसटीई म्हणजे सरकारने नेमलेल्या कंपनीमार्फतच.

पण त्या शब्दाशेजारी पॉलिसी कंडिशनचा एक कॉलम असतो आणि खरी गंमत तिथे असते. गोव्यातल्या माणसाला हे समजवायला खनिजाइतकं सोपं उदाहरण नाही. लोहखनिजात लोखंड ६४ टक्क्यांपर्यंत असेल तर फ्री, त्याच्यावर गेलं की सरकारने नेमलेल्या कंपनीमार्फत. पण वर्षानुवर्षं त्याच चौकटीत अशीही नोंद आहे की गोव्याचं खनिज चीन, जपान, दक्षिण कोरिया, तैवान आणि युरोपला जाणार असेल तर टक्केवारी कितीही असो, फ्री. आणि सीमेपलीकडच्या, सिंधुदुर्गातल्या रेडीचं खनिज कुठेही गेलं तरी फ्री. म्हणजे दगड तोच, कोड तोच, पण तो तेरेखोल नदीच्या अलीकडचा की पलीकडचा आणि बार्जमधून उतरून पुढे कुठल्या देशाला चाललाय त्यावर उत्तर बदलतं. नुसता कोड विचारून कुणी "फ्री" म्हणत असेल तर त्याने कॉलम वाचलेला नाही.

दुसरी गोष्ट, हे उत्तर शिळं होतं. इंग्लंडमधल्या स्विंडनला गोंयकार एवढे आहेत की तिकडे उकडे तांदूळ पाठवणारे लोक इथे आहेत. २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली, एका नोटिफिकेशनवर. उकडे तांदूळ त्यात नव्हते, कारण कोड वेगळा. पण महिन्याभराने, ऑगस्टमध्ये, उकड्यांवर २० टक्के एक्स्पोर्ट ड्यूटी बसली. मग २८ सप्टेंबर २०२४ ला पांढऱ्यावरची बंदी उठली पण टनाला किमान ४९० डॉलर भाव लावा म्हणाले, आणि ऑक्टोबरात तेही काढलं, उकड्याची ड्यूटीही गेली. त्या सव्वा वर्षात ज्याने "गेल्या खेपेला गेला होता की" म्हणून माल लोड केला त्याची काय अवस्था झाली असेल बघा. तेव्हा लोडिंगच्या आठवड्यात नोटिफिकेशन परत बघायचं, मागच्या महिन्याचं चालत नाही.

आता स्कोमेट, जिथे आमची लागली

शेड्यूल २ च्या मागे परिशिष्ट ३ आहे, त्याला स्कोमेट म्हणतात. स्पेशल केमिकल्स, ऑर्गॅनिझम्स, मटेरियल्स, इक्विपमेंट अँड टेक्नॉलॉजीज. ज्या वस्तू साध्या कारखान्यातही लागतात आणि अणुबॉम्ब, क्षेपणास्त्र, रासायनिक अस्त्रं वगैरे बनवायलाही वापरता येतात त्यांची यादी. कॅटेगरी ० अणुऊर्जेची, ती अणुऊर्जा खातं बघतं. ६ म्हणजे शस्त्रास्त्रं, ती संरक्षण उत्पादन विभागाकडे. १ मध्ये विषारी रसायनं, २ मध्ये जंतू, ५ मध्ये रॉकेट-ड्रोनची मंडळी, ८ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, टेलिकॉम, लेझर, नेव्हिगेशन, जहाजाचं काय काय. आणि ३ मध्ये मटेरियल आणि यंत्रसामग्री.

लोक चुकतात ते इथे. शेड्यूल २ मध्ये फ्री दिसलं म्हणून स्कोमेटमधून सुटका झाली असं नाही, दोन्ही वेगळं वेगळं तपासायचं. एचएस कोडला फक्त वस्तू कोणती ते कळतं, स्कोमेटमध्ये ती किती मोठी, कशाची, काय सोसते, किती अचूक हे विचारतात. एकाच कोडखालच्या शंभर वस्तूंपैकी दोन स्कोमेटमध्ये असू शकतात.

आमची ऑर्डर चाळीस पीसची, पीटीएफई (टेफ्लॉन) लाइन्ड बॉल व्हॉल्व्ह, २५ आणि ५० एमएम, गल्फमधल्या एका ट्रेडिंग कंपनीसाठी. एचएस ८४८१, जिथे नळ, कॉक, व्हॉल्व्ह सगळे येतात, तुमच्या बेसिनचा नळसुद्धा. शेड्यूल २ मध्ये फ्री. मी बघितलं, सीएचएने बघितलं, मालकांनी तर विचारलंही नाही. माल गेला आणि क्वेरी आली, स्कोमेट लागू आहे का ते सांगा, मटेरियल ऑफ कन्स्ट्रक्शन द्या. मी आपला बिनधास्त उत्तर लिहायला बसलो की बॉडी कार्बन स्टील आहे, साधी.

आमच्या स्टोअरमध्ये एक रिजेक्ट व्हॉल्व्ह मधोमध कापून ठेवलेला आहे, व्हिजिटरला दाखवायला. उत्तरात ड्रॉइंग जोडायचं म्हणून तो टेबलावर आणला. बाहेरून निळा रंग, बॉडी डब्ल्यूसीबी, म्हणजे खरंच साधं ओतीव कार्बन स्टील. पण आतून पूर्ण पांढरं अस्तर, हाताला मेणचट लागणारं, तीनेक एमएम जाड, आणि ते फ्लँजच्या तोंडावरून बाहेर वळवून आणलेलं. आतल्या बॉलवरही तेच. बोट आत घालून फिरवलं तर लोखंड कुठे लागतच नाही. म्हणजे अ‍ॅसिड या व्हॉल्व्हमधून गेलं तर त्याला शेवटपर्यंत स्टीलचा स्पर्श होत नाही, आणि आम्ही कॅटलॉगमध्ये अभिमानाने तेच तर छापलंय!

आणि यादीत नेमकं हेच विचारलेलं असतं. रासायनिक यंत्रसामग्रीच्या भागात, कॅटेगरी ३ मधलं ३डी, व्हॉल्व्हची अट अशी की साइज १० एमएमच्या वर हवी, आणि रसायनाला लागणारे सगळे पृष्ठभाग ठरावीक मटेरियलचे हवेत. त्या मटेरियलमध्ये फ्लुओरोपॉलिमर आहेत, पीटीएफई त्यांच्यातलंच. शिवाय ४० टक्क्यांच्या वर निकेल असलेले मिश्रधातू, म्हणजे आपलं हॅस्टेलॉय, मग २५ टक्क्यांच्या वर निकेल आणि २० टक्क्यांच्या वर क्रोमियम असलेले, मग काच, टँटलम, टायटॅनियम, झिर्कोनियम. बॉडी कशाची याच्याशी देणंघेणंच नाही. आमची सगळ्यात लहान साइज १५ एमएम. म्हणजे कॅटलॉगचं ते अख्खं पान स्कोमेटमध्ये, आणि आम्ही ते बिनधास्त "फ्री" म्हणून विकत होतो. सुट्या अस्तराचे स्पेअर पण सुटत नाहीत, बॉडी आणि तयार लायनर दोन्ही यादीत आहेत.

मालकांना सांगितलं तर एवढंच म्हणाले, "आतां कितें?"

व्हॉल्व्हचं कसलं आलंय शस्त्र, असं मला पण वाटलं होतं. कारण असं की रासायनिक अस्त्रांची कच्ची रसायनं भयंकर गंजवणारी असतात, साध्या पाइपात टिकत नाहीत, त्यामुळे ती बनवणाऱ्याला असाच व्हॉल्व्ह, असाच पंप लागतो. इराण-इराक युद्धात रासायनिक अस्त्रं वापरली गेली त्यानंतर १९८५ मध्ये काही देशांनी मिळून ऑस्ट्रेलिया ग्रुप काढला आणि अशा सामानाची सामायिक यादी केली. भारत त्यात जानेवारी २०१८ मध्ये गेला, त्याआधी २०१६ मध्ये क्षेपणास्त्रांच्या एमटीसीआरमध्ये, डिसेंबर २०१७ मध्ये शस्त्रं आणि दुहेरी वापराच्या मालाच्या वासेनार गटामध्ये. त्या गटांच्या याद्या बदलल्या की आपली स्कोमेटही बदलते. म्हणून "दहा वर्षं पाठवतोय, कधी कुणी विचारलं नाही" या वाक्याला काडीची किंमत नाही.

यादी वाचायची कशी तर "आणि" आणि "किंवा" या शब्दांखाली पेनने रेघ मारत. दोन अटी "आणि"ने जोडलेल्या असतील तर दोन्ही लागू व्हायला हव्यात, एक सुटली की वस्तू सुटली. आणि शेवटच्या तांत्रिक टिपा सोडू नका, बारीक अक्षरात असतात पण निम्म्या केसेस तिथे सुटतात, आमची दुसरी ऑर्डर तशीच सुटली, ते खाली येईल.

बायर ईसीसीएन मागतोय, तो कुठून आणायचा?

हा प्रश्न पण हमखास. ईसीसीएन हा अमेरिकेचा नंबर आहे, त्यांच्या वाणिज्य खात्याचं बीआयएस नावाचं ब्युरो आहे त्यांच्या यादीतला, पाच अक्षरी. आपला माल इथे बनला, त्यात अमेरिकन पार्ट नाही, तर तो नंबर आपल्या कस्टम्सला लागत नाही, आपला प्रश्न स्कोमेटचा. बायरला तसं लेखी कळवा. पण मालात अमेरिकन बनावटीचा कंट्रोल्ड पार्ट असेल, सेन्सर म्हणा, चिप म्हणा, तर त्यांचे नियम इथून माल पुढे जातानाही लागू होऊ शकतात, बहुतेक देशांसाठी किमतीच्या २५ टक्क्यांच्या वर तो पार्ट गेला तर, काही देशांसाठी १० टक्क्यांच्या वर. तेव्हा पार्ट विकणाऱ्याकडून ईसीसीएन लेखी मागून ठेवायचा. यादीत नसलेल्या साध्या मालाला ते ईएआर९९ म्हणतात, म्हणजे ते ऐकून घाबरायचं नाही.

आणि याचा एक उलटा फायदा आहे जो मला फार उशिरा कळला. आमच्या एका जर्मन गिऱ्हाइकाने खूप आधी मेलमध्ये सहज विचारलं होतं की तुमचा व्हॉल्व्ह २बी३५० मध्ये येतो का. मी समजलो त्यांचा काहीतरी पार्ट नंबर. २बी३५० हा युरोपच्या आणि अमेरिकेच्या दोन्ही याद्यांत रासायनिक यंत्रसामग्रीचा नंबर आहे, आणि तिन्हीकडच्या याद्या एकाच ऑस्ट्रेलिया ग्रुपवरून आलेल्या. म्हणजे परदेशी बायरने असा नंबर काढला तर टाळू नका, तो फुकटात सांगतोय की तुमच्या ३डी मध्ये जाऊन बघा. तो मेल मी तेव्हा नीट वाचला असता तर पुढचं रामायण झालं नसतं.

पुढचं रामायण

माल बॅक टू टाउन केला, म्हणजे पोर्टातून परत बाहेर काढला. कंटेनरचं भाडं, पोर्टाचं ग्राउंड रेंट, गाडीचं दुप्पट भाडं, सगळं आपल्या खिशातून. मग डीजीएफटीच्या पोर्टलवर स्कोमेटचा अर्ज. फॉर्म भरणं फार कठीण नाही, स्पेसिफिकेशन, ड्रॉइंग, परचेस ऑर्डर, कंपनीचे कागद. अडतं ते एंड यूज सर्टिफिकेटवर. हे सर्टिफिकेट प्रत्यक्ष वापरणाऱ्याचं हवं, त्याच्या लेटरहेडवर, कुठल्या प्लांटमध्ये कशासाठी वापरणार ते लिहून. आमचा बायर ट्रेडर. तो म्हणाला माझं गिऱ्हाईक कोण ते मी तुम्हाला का सांगू, उद्या तुम्ही डायरेक्ट विकाल. त्याचंही चूक नाही म्हणा. तीन आठवडे त्याच घोळात गेले. शेवटी मालकांनी त्याला लिहून दिलं की त्या गिऱ्हाइकाला तुमच्याशिवाय कोट देणार नाही, तेव्हा नाव आलं, क्लोरीन बनवणारा प्लांट निघाला. सर्टिफिकेट आलं तर त्यात क्वांटिटी ३८, पीओमध्ये ४०. परत पाठवलं. एक आकडा जुळला नाही तर अर्ज मागे येतो हे गृहीत धरा.

अर्ज दिल्लीत एका आंतर-मंत्रालय गटापुढे जातो, तिथे परराष्ट्र, संरक्षण, अणुऊर्जा अशी वेगवेगळी खाती बघतात, त्यामुळे उद्या या, परवा या असला प्रकार नाही, महिने धरून चालायचं. आमचा चवथीला अडकलेला माल नाताळच्या आठवड्यात गेला. नशीब बायर थांबला. एकदा झाल्यावर त्याच मालाची त्याच गिऱ्हाइकाला परत ऑर्डर आली तर रिपीट ऑर्डरची सोपी वाट आहे, म्हणून पहिली फाइल नीट जपून ठेवा.

काही जण विचारतात की कुरिअरने दोन सँपल पाठवले तर कुणाला कळतंय. कळो न कळो, फुकट सँपल पण एक्स्पोर्टच, बॅगेत घालून नेलं तरी एक्स्पोर्ट, आणि यादीतल्या वस्तूचं डिझाइन ड्रॉइंग नुसतं मेल केलं तरी, कारण यादीत सॉफ्टवेअर आणि टेक्नॉलॉजी पण आहे. परकीय व्यापार कायद्यात दंड मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत जातो आणि स्कोमेटमध्ये वर २००५ चा संहारक अस्त्रांचा कायदा आहे, तिथे नुसता दंड नाही, तुरुंग आहे.

यादीत नसेल तरी एक शेवटची गोष्ट बघायची, घेणारा कोण. तुम्हाला माहीत असेल, नाहीतर संशय यायला जागा असेल की माल असल्या अस्त्रांसाठी चाललाय, तर यादीत नसलेल्या मालालाही परवानगी लागते. ओळखायचं कसं? टेक्निकल प्रश्न एकही विचारत नाही, इन्स्टॉलेशन नको, वॉरंटी नको, भावात घासाघीस नाही, आणि डिलिव्हरीचा पत्ता एखाद्या फॉरवर्डरचं गोडाऊन. आपल्याकडे घासाघीस न करणाऱ्या गिऱ्हाइकाचा असाही संशय येतोच.

कारखाना नसलेल्यांसाठी

हे सगळं व्हॉल्व्हवाल्यांचं झालं, पण गोव्यात जास्त अडकतात ते वेगळेच लोक. माझ्या मावशीचा मुलगा लिस्बनला असतो. त्याला आजोबांची शिसवी आरामखुर्ची हवी होती, ती लांब हातांची, पाय वर ठेवून झोपायची. मावशी म्हणाली, "खुर्ची आपली, घर आपलं, सरकारचा काय संबंध?" फर्निचर शेड्यूल २ मध्ये फ्रीच आहे. पण शंभर वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू कायद्यात येते, १९७२ चा कायदा, हस्तलिखितांना तर पंचाहत्तरच वर्षं, आणि पुरावस्तू खाजगी माणसाला बाहेर नेताच येत नाही. शंभरच्या आतली असेल तर ती पुरावस्तू नाही असं सर्टिफिकेट पुरातत्त्व खात्याकडून घ्यायचं, आपल्याकडे त्यांचं ऑफिस जुन्या गोव्यालाच आहे. वर लाकूड शिसवी. शिसवाच्या कुळातली जवळपास सगळी झाडं जानेवारी २०१७ पासून साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे लाकडाचे कागद वेगळे. आणि खुर्ची कधी केली ते सांगणार कोण, आजोबा तर नाहीत. मावशीला विचारलं तर ती म्हणते मी लहान होते तेव्हा पण ती जुनीच होती. मग काय, खुर्ची आहे तिथेच आहे, डिसेंबरात येतो तेव्हा तो तिच्यात झोपतो.

असंच मोरपिसांचं. बाजारात उघड विकतात, पण मोरपीस आणि त्याच्या वस्तू एक्स्पोर्टला प्रोहिबिटेड. ऑनलाइन दुकानातून मोरपिसांची तोरणं पाठवणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. शिंपल्यांचे दिवे, शंख, प्रवाळ यांत वन्यजीव कायद्याच्या यादीतल्या जाती असतात, प्रवाळाला तर हातच लावू नका. फार्मावाल्यांना मी काय सांगणार, त्यांचा रेग्युलेटरी विभाग आमच्या अख्ख्या युनिटपेक्षा मोठा असतो, पण लहान केमिकल ट्रेडर असाल तर अ‍ॅसेटिक अनहायड्राइड, स्यूडोएफेड्रिन असल्या मालाला ग्वाल्हेरच्या नार्कोटिक्स ब्युरोची एनओसी लागते, डीजीएफटीकडे शोधत बसू नका.

दुसरी ऑर्डर

आमची पुढची ऑर्डर एसएस ३१६ च्या बॉल व्हॉल्व्हची होती, आत पीटीएफईच्या सीट. इनव्हॉइसवर डिस्क्रिप्शनमध्ये पीटीएफई शब्द दिसला आणि परत तीच क्वेरी. पण या वेळी घाम फुटला नाही. या व्हॉल्व्हमध्ये रसायन लागतं ते ३१६ च्या बॉडीला आणि बॉलला, त्यात निकेल १० ते १४ टक्के, क्रोमियम १६ ते १८, म्हणजे २५ आणि २० च्या खाली. आणि सीट, गॅस्केट, पॅकिंग असल्या सील करणाऱ्या, बदलता येणाऱ्या भागांवरून वस्तू यादीत जात नाही असं त्या बारीक टिपेतच लिहिलेलं आहे. एक पानाचं टेक्निकल राइट-अप, उभ्या छेदाचं ड्रॉइंग, त्यात रसायनाला लागणारे पृष्ठभाग लाल पेनने रंगवलेले, आणि मिलचं टेस्ट सर्टिफिकेट. दुसऱ्या दिवशी दुपारी लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, म्हणजे माल जाऊ द्या असा कस्टम्सचा हुकूम, आली. तेव्हापासून हे पान आम्ही क्वेरी यायची वाट न बघता शिपिंग बिलाबरोबरच जोडतो.

तर आता विचारायला येताना एवढं घेऊन या, स्पेसिफिकेशन शीट, मटेरियलसकट ड्रॉइंग, आठ आकडी कोड, कुठल्या देशाला चाललंय, आणि शेवटी वापरणार कोण त्याचं नाव. व्हॉट्सअ‍ॅपवर मालाचा फोटो टाकून "सर याला लायसन्स लागेल का" विचारू नका, फोटोत आमचे दोन्ही व्हॉल्व्ह सारखेच निळे दिसतात.